घर किती रुपयांना मागावे?

बैलजोडी घ्यावयास बाजारात गेलेला शेतकरी किती सावध असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून दर बोलतो. तोच शेतकरी घर घ्यावयास निघाला म्हणजे मात्र एका बैठकीत, चहा निवण्याच्या आत, जोडीच्या कित्येक पटींचा सौदा करून उठतो. त्यास अक्कल कमी असते म्हणून हे घडते असे समजू नये. बैल तो आयुष्यात दहा-पंधरा वेळा घेतो. घर एकदा, फार तर दोनदा घेतो. ज्या कामाचा सराव नाही त्यात शहाणा मनुष्यही चुकतो. सराव नसेल तेथे पद्धत तरी असावी लागते. ती पद्धत काय असावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या बोलीत विकणारा किंमत ‘सांगतो’ आणि घेणारा ‘मागतो’. किती सांगावे ही विकणाऱ्याची मर्जी आहे, आणि जास्त सांगितले म्हणून त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. किती रुपयांना मागावे हे आपल्या हाती असते. सबंध सौद्यात आपल्या हाती एवढेच असते म्हटले तरी चालेल.

आमचा स्वतःचा अनुभव

आम्ही महसूल खात्यात कारकून होतो. खरेदीखते, वाटणीपत्रे, सातबारा आणि फेरफार ह्यांतच आमची नोकरी सरली. तेव्हा घराच्या व्यवहारात आम्ही फसणार नाही असा आम्हांस अभिमान होता. निवृत्तीनंतर गावी राहावे म्हणून सन २०१८ च्या एप्रिलात आम्ही पुसेगावच्या गावठाणात एक घर पाहिले. पुढे दगड-मातीच्या भिंतींचे जुने माळवद, मागे विटांच्या दोन खोल्या आणि परसू. कागद आम्ही स्वतः तपासले. ते निर्दोष होते. मालकाने अकरा लाख सांगितले. दोन बैठकी करून आम्ही ते साडेदहावर आणले आणि पन्नास हजार वाचविल्याचे समाधान मानले. एक लाख इसार दिला. दोन महिन्यांत खरेदीखत न झाल्यास इसार बुडेल, ही अट इसारपावतीत आमच्याच हस्ताक्षरात आहे.

आमच्याजवळ साडेसात लाख होते. बाकीचे उभे राहतील असा अंदाज होता, तो चुकला. मुदत संपावयास दहा-बारा दिवस उरले, तेव्हा वडिलार्जित जमिनीतील एक एकर लगतच्या खातेदारास चार लाखांस दिली. गरज आमची होती, म्हणून भाव त्याने ठरविला. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि माळवद तीन ठिकाणी गळू लागले. उत्तरेकडील भिंत पोटात फुगलेली होती, ती त्या पावसाने आणखी सुटली. आमच्या घरातील मंडळींनी एप्रिलातच म्हटले होते, “अहो, एक पाऊस पडू द्या, मग काय ते ठरवा.” आम्ही ते मनावर घेतले नव्हते.

पुढे एकदा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील नोंदी सहज चाळल्या. त्याच आळीतील, जवळजवळ तशीच दोन घरे आठ लाखांच्या आत गेलेली आढळली. आत ज्यांनी ती घेतली त्यांस विचारले, त्यांनीही तोच आकडा सांगितला. ही माहिती सौद्यापूर्वीही आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. एक एकराचा फेरफार रीतीप्रमाणे मंजूर झाला. जन्मभर दुसऱ्यांची नावे कमी झालेली आम्ही पाहिली. त्या दिवशी आपले नाव पाहिले. घर विकणाऱ्याने आपणास काही खोटे सांगितले नव्हते. दोष आमच्या मागण्याचा होता, आणि तो इतरांच्या हातून घडू नये म्हणून हे लिहीत आहो.

किंमत ऐकण्यापूर्वी आपला आकडा

आम्ही अकराचे साडेदहा केले, ह्यातच आमची चूक सांगून जाते. आम्ही त्या घराची किंमत केलीच नाही. अकरा ह्या आकड्याची किंमत केली. मनुष्याचे मन असे चालते, हे विद्वानांनी प्रयोगाने दाखविले आहे. आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सन १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवीत. ते काहींपुढे १० वर व काहींपुढे ६५ वर थांबे. मग विचारीत की, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदांत आफ्रिकेतील देश शेकडा किती असतील? ज्यांनी १० पाहिले त्यांच्या उत्तरांतील मधले उत्तर २५ आले, आणि ज्यांनी ६५ पाहिले त्यांचे ४५ आले. चक्राचा त्या प्रश्नाशी तिळमात्र संबंध नव्हता. तरीही कानावर पडलेल्या पहिल्या आकड्याने उत्तर आपल्याकडे ओढले.

म्हणून पहिला नियम असा की, मालकास किंमत विचारण्यापूर्वी आपला आकडा घरी बसून कागदावर लिहावा. किंमत आधीच कानी आली असल्यास ती मनातून काढता येत नाही. तरी हिशेब तिच्यापासून सुरू करू नये, मुळापासून करावा. हा हिशेब तीन प्रकारांनी करावयाचा असतो.

हिशेब पहिला : शेजारी काय विकले गेले

गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच गावठाणात विकल्या गेलेल्या निदान तीन घरांची माहिती काढावी. नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा दुय्यम निबंधकांकडे ‘सूची क्रमांक दोन’ ह्या नावाने असतो. त्यात मिळकतीचे वर्णन, क्षेत्र, देणार-घेणार, मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य ही सर्व लिहिलेली असतात. ती सूची पाहावयास मिळते व तिचा उतारा घेता येतो. तथापि कागदावरील मोबदला आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम ह्यांत अंतर असू शकते. तेव्हा घर ज्याने घेतले त्यास, आणि त्याच्या गवंड्यास, सहज भेटून विचारावे. तिघांचे आकडे जुळले म्हणजे तो आकडा धरावा.

सर्वच विक्री तुलनेस उपयोगी नसतात. भिंतीस भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याने घेतलेले घर नेहमी चढ्या भावाने जाते, कारण त्यास दोन घरे एक करावयाची असतात. दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या निकडीने विकलेले घर पडत्या भावाने जाते. भावाने भावास दिलेल्या घराची रक्कम तर नात्याची असते, घराची नसते. असे व्यवहार बाजूला काढून उरलेल्यांत जागेची लांबी-रुंदी, रस्ता, पाणी आणि बांधकामाचे वय ह्यांची वजाबेरीज करावी.

येथे सरकारी दराविषयी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. खरेदीखतातील मोबदला आणि तक्त्यावरून येणारे मूल्य ह्यांपैकी जी रक्कम मोठी, तिच्यावर शुल्क लागते. तक्त्याहून कमी किमतीस घर घेण्यास बंदी नाही, आणि तक्त्यात अमुक दर आहे म्हणून तेवढे देण्याचे बंधनही नाही. मालक तक्ता दाखवून किंमत पटवू लागल्यास हे ध्यानात ठेवावे.

हिशेब दुसरा : वस्तूची किंमत

ह्यात तीन कलमे असतात : जागा, बांधकाम आणि दुरुस्ती. जागा मोजून घ्यावी. ‘सुमारे दोन गुंठे’ ह्या शब्दांवर विसंबू नये. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि जुन्या गावठाणात गल्लीने, पन्हळीने व शेजाऱ्याच्या ओट्याने त्यातील बरीच जागा खाल्लेली असते.

आपले पूर्वज शेताच्या मातीस काळी व वस्तीच्या मातीस पांढरी म्हणत, आणि घर पांढरीत बांधीत. ह्यात शहाणपण आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते व भेगाळते. तिच्यावर उथळ पायाने बांधलेल्या घराच्या भिंती दरवर्षी थोड्याथोड्या तडकतात. गावाबाहेर, शेतात पाडलेल्या प्लॉटावरील नवे घर रंगाने कितीही गोजिरे दिसो, त्याचा पाया मुरुमापर्यंत नेला आहे काय हे बांधणाऱ्या गवंड्यास विचारावे. उत्तर गुळमुळीत आल्यास किमतीत ते धरावे.

माळवदाची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात थंड राहणारे असे दुसरे घर नाही. परंतु त्याच्या डोक्यावर मातीचे मोठे ओझे असते. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्यू पावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती निसटल्या आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले, हे त्या हानीचे मोठे कारण होते. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ह्या दिवशी सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मार्चच्या धक्क्याने आमची ती उत्तरेकडील भिंत, दुरुस्त केलेली असताही, पुन्हा तडकली. म्हणून जुन्या माळवदाच्या बांधकामाची किंमत फार जपून धरावी. भिंती मातीत रचलेल्या, दोन तोंडांमध्ये दगडाचे सांधे नसलेल्या व पोटात फुगलेल्या असल्यास बांधकामाची किंमत शून्य धरावी आणि पाडण्याचा व मलबा वाहण्याचा खर्च जागेच्या किमतीतून वजा करावा. सागवानी तुळया व खांब सुटे विकता येतात. तेवढी रक्कम मात्र जमेस धरण्यास हरकत नाही.

घर पाहावयास जाताना एकटे जाऊ नये. दुसऱ्या गावचा जाणता गवंडी त्याची मजुरी देऊन बरोबर न्यावा. पुढील गोष्टी पाहाव्या :

१. जोते रस्त्यापेक्षा उंच आहे काय? सिमेंटचे रस्ते थरावर थर चढून उंच झाले आणि जुनी घरे खाली राहिली, असे अनेक गावांत झाले आहे. पावसाचे पाणी मग घरात शिरते.

२. भिंतीच्या खालच्या दोन हातांत लोणा लागला आहे काय? नुकताच रंग दिलेला असल्यास कपाटामागे व पलंगाखाली पाहावे.

३. तुळया व किलचणीस टोकणीने टोचून वाळवी पाहावी. टोकणी सहज आत गेल्यास लाकूड पोकळ आहे.

४. भेग दिसल्यास तिच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ व तारीख घालावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे. भेग रेघेपुढे गेली असल्यास ती जिवंत आहे. जुनी, थांबलेली भेग भरून निघते. जिवंत भेगेचे कारण पायात असते.

५. पाणी कोठून येते, उन्हाळ्यात किती दिवसांनी येते, आणि सांडपाणी कोणाच्या जागेतून जाते?

६. गाडी किंवा ट्रॅक्टर दारापर्यंत येतो काय? ज्या घरी धान्याची पोती डोक्यावर न्यावी लागतात ते घर शेतकऱ्यास महागच पडते.

साधल्यास घर एकदा पावसात पाहावे. आमच्या भिंतीचे काम करणारा गवंडी म्हणाला, “साहेब, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती शहाण्या असतात.”

हिशेब तिसरा : आपली ऐपत

वरील दोन हिशेब घराचे झाले. हा आपला आहे. नोकरदाराची मिळकत महिन्यास येते, म्हणून त्याचे हप्ते मासिक असतात. आपली मिळकत सोयाबीन, तूर, कापूस, हळद घरात आल्यावर येते, आणि ती दरसाल सारखी नसते. म्हणून गेल्या पाच वर्षांचा घरखर्च वजा जाता उरलेला पैसा वर्षवार लिहावा, आणि कर्जाचा वार्षिक हप्ता त्यातील सर्वांत वाईट वर्षाच्या शिलकीत बसेल एवढेच कर्ज धरावे. सरासरीवर भिस्त ठेवू नये. सावकार किंवा बँक हप्ता सरासरीने मागत नाही.

पुढच्या खरिपाचे बी, खत व मजुरी ह्यांचा पैसा घराच्या पैशात मिसळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, शेत विकून येणारी रक्कम ‘ऐपत’ ह्या सदरात कधीही लिहू नये. घरास भाडे येवो न येवो, ते वर्षास जुने होते. शेत दरसाल पिकते. काळी विकून पांढरी घेणाऱ्यास पुढे पांढरीची डागडुजी करावयास काळीचे उत्पन्न राहत नाही.

एक उदाहरण

पुढील आकडे हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. आपापल्या गावचे दर आपण घालावे. समजा, जागा १,२०० चौरस फूट व तीवर विटा-सिमेंटचे ६०० चौरस फुटांचे, वीस वर्षांचे घर आहे.

वस्तूचा हिशेब : जागा २५० रुपये फुटाने ३ लाख. तसेच घर आज नवे बांधावयाचे तर १,५०० रुपये फुटाने ९ लाख. आयुष्य साठ वर्षांचे धरले तर तिसरा हिस्सा सरला, म्हणून बांधकाम ६ लाख. एकूण ९ लाख. गच्ची, संडास व विजेची दुरुस्ती १ लाख वजा. राहिले ८ लाख.

शेजारच्या विक्रीचा हिशेब : एक घर दोन वर्षांपूर्वी सव्वासात लाखांस गेले, दुसरे आठ लाखांस, पण त्यास बोअर आहे, तिसरे सव्वानऊ लाखांस, ते लगतच्या शेजाऱ्याने घेतले म्हणून सोडून दिले. काळाची व बोअरची वजाबेरीज करता पावणेआठ लाख येतात.

ऐपतीचा हिशेब : शिल्लक ७ लाख, त्यातून खरिपाचे १ लाख बाजूला, राहिले ६ लाख. सर्वांत वाईट वर्षी उरलेले ५० हजार. दरसाल दर शेकडा १० व्याजाने, दहा समान वार्षिक हप्त्यांनी ३ लाख कर्ज घेतल्यास हप्ता सुमारे ४८,८२५ रुपये येतो. म्हणजे तेवढेच कर्ज झेपते. ह्या कर्जापोटी दहा वर्षांत सुमारे ४ लाख ८८ हजार भरावे लागतात, हेही पाहून ठेवावे. एकूण ९ लाख. त्यातून मुद्रांक, नोंदणी व लेखनावळ मिळून ५० हजार आणि दुरुस्तीचे १ लाख वजा. राहिले साडेसात लाख.

तीन आकडे आले : आठ, पावणेआठ आणि साडेसात. ह्यांतील सर्वांत लहान आकडा हा आपला शेवटचा आकडा. तो वहीत लिहून खाली तारीख घालावी आणि घरातील मंडळींस दाखवावा. नोंदणी फी शेकडा एक, परंतु जास्तीत जास्त तीस हजार रुपये आहे. मुद्रांकाचा दर ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका हद्दीप्रमाणे बदलतो, तो आधी विचारावा. दिनांक १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या निवासी घरास मुद्रांक शुल्कात शेकडा एक सवलत देण्यात आली. घर गृहिणीच्या नावे घेणाऱ्याने तिची चौकशी करावी.

कागदांतील उणिवा आणि किंमत

कागदांतील उणिवा दोन प्रकारच्या असतात. काही पैशाने भरून निघतात. त्यांची रक्कम किमतीतून वजा करावी. थकलेली घरपट्टी व पाणीपट्टी, न झालेली मोजणी, वीजमीटरचे नाव ह्या त्या होत. काही उणिवा कोणत्याही किमतीस चालत नाहीत. तेथे मागूच नये.

गावठाणातील घरास ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवितात. तो कर आकारणीचा उतारा आहे; केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. दिनांक २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका व सनदा देण्याचे काम भूमी अभिलेख खात्याने हाती घेतले. त्या घराची पत्रिका निघाली असल्यास तीवरील नाव, क्षेत्र व चतुःसीमा खरेदीच्या मसुद्याशी ताडून पाहाव्या. पत्रिका नसल्यास मालकाकडे घर कसे आले ह्याची साखळी मागावी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, म्हणून त्यापूर्वीचे दस्त परभणी जिल्ह्याच्या नावे असतील. त्यावरून शंका घेऊ नये. १९४८ पूर्वीचे हैदराबाद संस्थानातील कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. ते जाणत्याकडून वाचवून घ्यावे, ‘जुना कागद आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

वारसांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सन २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो स्पष्ट केला. ‘बहिणींचे काही म्हणणे नाही, त्या सही करतील’ असे मालक सांगतो तेव्हा तो खोटे बोलतो असे नाही. परंतु त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे, आणि नोंदलेले हक्कसोडपत्र झाल्यावाचून किंवा खरेदीखतावर त्यांची सही झाल्यावाचून पैसा देऊ नये. सहीस तयार नसलेल्या बहिणीच्या हिश्शाचे घर दोन लाख कमी करूनही घेऊ नये. ती दोन लाखांची सूट वकिलाकडे जाते.

गावठाणाबाहेरील घर असल्यास जमीन अकृषिक झाली आहे काय हे तलाठ्याकडे पाहावे. शेतातून तोडलेल्या दोन-चार गुंठ्यांच्या खरेदीस तुकडेबंदीच्या कायद्याची अडचण येऊ शकते. अशा जागेवर बँका कर्ज देण्यास कचरतात. म्हणजे पुढे आपणास विकावयाची वेळ आली तर गिऱ्हाईकही थोडेच मिळते. हेही किमतीतच धरावयाचे असते.

मागणी कशी करावी

शेवटचा आकडा ठरल्यावर पहिली मागणी त्याहून दहा-बारा टक्क्यांनी कमी करावी. वरील उदाहरणात पावणेसात लाखांस मागावे. निम्म्याने मागू नये; त्याने मालकाचा अपमान होतो, आणि गावात त्याच्याशी पुढेही बसावे-उठावे लागते. मागताना कारण सांगावे : “गच्चीस एवढा खर्च आहे, अमुक घर एवढ्यास गेले, म्हणून आम्ही एवढ्यास मागतो.” कारणासहित केलेली मागणी मालक नाकारील, पण मनात ठेवील. मालकाने घरास नावे ठेवलेली ऐकून घ्यावी असे मात्र नाही; त्याच्या वडिलांनी बांधलेल्या घरास ‘पडके’ म्हणणाऱ्यास तो हजार रुपयेही सोडत नाही.

वाढवावयाचे तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून लहान असावी. पन्नास, मग पंधरा, मग दहा हजार, अशी. समोरच्यास कळते की आपण काठाशी आलो. “दुसरे गिऱ्हाईक आठ द्यावयास तयार आहे” असे मध्यस्थ सांगेल. खरे असल्यास त्यास घेऊ द्यावे. खोटे असल्यास आठ-पंधरा दिवसांत निरोप येतो. दोन्ही प्रकारांत आपणास वाढविण्याचे कारण नाही. मध्यस्थाची दलाली किमतीच्या प्रमाणात असते, तेव्हा किंमत वाढण्यात त्याचेही हित आहे, हे विसरू नये.

मालकाच्या गरजा पैशाखेरीजही असतात, त्या विचाराव्या. कोणास मुलाची परीक्षा होईतो दोन महिने घरातच राहावयाचे असते, कोणास सर्व रक्कम एकाच वेळी हवी असते, कोणास देवघरातील लाकडी मखर सोबत न्यावयाचे असते. अशी सवलत दिल्याने आपले काही जात नाही, आणि कधीकधी पंचवीस-तीस हजारांचा फरक मिटतो.

इसाराविषयी दोन शब्द

सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. तो नोंदलेल्या खरेदीखताने होतो. म्हणून इसार जितका थोडा तितका बरा. तो बँकेमार्फत द्यावा. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार व त्याहून अधिक रोख घेण्यावर प्राप्तिकर कायद्याने १ जून २०१५ पासून निर्बंध आणले आहेत, आणि बँकेतील नोंद हा वादाच्या वेळी चांगला साक्षीदार असतो. खरेदीखतात रक्कम कमी दाखवू नये. उद्या व्यवहार मोडला तर न लिहिलेला पैसा परत मागता येत नाही.

इसारपावतीत चार अटी असाव्या : कागदांत दोष निघाल्यास इसार परत मिळेल, सर्व वारस सही करतील, बँकेने कर्ज नाकारल्यास इसार परत मिळेल, आणि मुदत आपला पैसा हातात येण्याच्या तारखेपुढे निदान महिनाभर असेल. पैसा हंगामानंतर येणार असेल तर मुदत हंगामापूर्वीची घेऊ नये. आमची एक एकर घराच्या किमतीने गेली, त्याहून अधिक ह्या मुदतीने गेली. सहा महिने मिळते तर तिला दुसरा भाव आला असता, किंवा ती विकावी लागलीही नसती.

सारांश

१. मालकाची किंमत ऐकण्यापूर्वी आपला आकडा लिहावा.
२. शेजारची विक्री, वस्तूची किंमत व आपली ऐपत असे तीन हिशेब करावे. सर्वांत लहान आकडा तो शेवटचा.
३. सर्वांत वाईट वर्षाच्या शिलकीवर कर्ज ठरवावे. खरिपाचा पैसा व शेत ह्यांस हात लावू नये.
४. पैशाने भरून निघणारी उणीव किमतीतून वजा करावी. वारसांची सही नसल्यास मागूच नये.
५. कारण सांगून मागावे, लहान पायऱ्यांनी वाढवावे, शेवटच्या आकड्यावर थांबावे.
६. इसार थोडा, मुदत लांब, अटी लेखी.

शेवटच्या आकड्यावर थांबल्याने एखादे चांगले घर हातचे जाते, हे खरे. त्या दिवशी मनास रुखरुख लागते. परंतु गावात घरे पुन्हा विक्रीस निघतात, आणि रुखरुख दोन महिन्यांत जाते. आमच्या त्या एक एकरात यंदा हळद आहे. सकाळी बसथांब्याकडे जाताना ती वाटेवरून दिसते. वाचकांपैकी कोणी ह्या वर्षी घर घेणार असतील, त्यांनी आधी वहीत तीन ओळी लिहाव्या आणि मग मालकाच्या ओट्यावर जाऊन बसावे, एवढीच आमची विनंती आहे.